दोन राज्यांत ॲम्ब्युलन्सचं काम: ईएमएस कॉम्पॅक्टची मुभा नीट कशी वापरायची

अमेरिकेत ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरचा मूलभूत पातळीचा आपत्कालीन कर्मचारी) किंवा पॅरामेडिक (त्याहून वरच्या पातळीचा) म्हणून काम करणाऱ्यांचा, आणि मेडिकल स्कूलला अर्ज करण्याआधी ईएमटीचा कोर्स केलेल्या आपल्या मुलामुलींचाही, एक समज अगदी पक्का असतो: "माझं राज्य कॉम्पॅक्टमध्ये आहे, म्हणजे मी कॉम्पॅक्टमधल्या कुठल्याही राज्यात काम करू शकतो." कॉम्पॅक्ट म्हणजे ईएमएसची, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय सेवेतल्या लोकांची, लायसन्स एकमेकांच्या राज्यांत चालू देण्याचा राज्यांमधला करार. पण वरचा समज अर्धाच खरा आहे. उरलेलं अर्ध न तपासता पेशंटला हात लावला, तर ते विनालायसन्स काम ठरू शकतं. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्यासाठी आहे.

या कराराचं पूर्ण नाव लांबलचक आहे. कायद्यात तो 'रेप्लिका' म्हणून ओळखला जातो आणि बोलताना सगळे 'ईएमएस कॉम्पॅक्ट' म्हणतात. कायदा केलेल्या राज्यांमध्ये तो २०१७ पासून अस्तित्वात आहे आणि मार्च २०२० पासून प्रत्यक्ष वापरात आहे. त्यात ईएमटी, ॲडव्हान्स्ड ईएमटी, पॅरामेडिक आणि ईएमटी व पॅरामेडिक यांच्या मधली राज्यमान्य पातळी, एवढेच लोक येतात. फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणजे ईएमआर पातळी त्यात नाही. हेलिकॉप्टरवर तुमच्यासोबत नर्स असेल तर तिचा करार वेगळा आणि त्याचे नियमही वेगळे.

पुढे काही शब्द वारंवार येतील. ज्या सदस्य राज्याचं चालू लायसन्स तुमच्याकडे आहे ते तुमचं होम स्टेट. ज्या सदस्य राज्याचं लायसन्स तुमच्याकडे नाही ते रिमोट स्टेट. होम स्टेटच्या लायसन्सच्या बळावर रिमोट स्टेटमध्ये पेशंटची सेवा करण्याचा जो अधिकार मिळतो त्याला कायद्यात 'प्रिव्हिलेज टू प्रॅक्टिस' म्हणतात. इथे त्याला 'मुभा' म्हणू या. ही मुभा म्हणजे दुसरं लायसन्स नाही. ती तुमच्या लायसन्सची सावली आहे: लायसन्स आहे तोवर ती आहे, आणि लायसन्सला धक्का लागला की ती त्याच दिवशी जाते.

टप्पा १: कागद एका नावावर आणा

मुभेसाठी अर्ज नाही, फी नाही, कार्ड नाही. त्यामुळे तयारीसुद्धा नाही, असं लोकांना वाटतं. पण मुभा आपोआप मिळते ती राज्याच्या नोंदींवरून, आणि त्या नोंदी चुकीच्या असतील तर तुम्ही पात्र असूनही पडताळणीत सापडत नाही.

आपल्याकडच्या नावांचा गोंधळ इथेच होतो. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. पासपोर्टवर कधी आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि मग अमेरिकन कागदांवर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापलं जातं. परिणामी ड्रायव्हिंग लायसन्सवर एक नाव, नॅशनल रजिस्ट्रीच्या (ईएमएसची परीक्षा आणि प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय संस्था) खात्यात दुसरं, राज्याच्या ईएमएस लायसन्सवर तिसरं आणि बोटांच्या ठशांच्या फॉर्मवर चौथं.

करायचं ते या क्रमाने:

१. सरकारी फोटो ओळखपत्रावरचं नाव आधी ठरवा. नाव बदलायचं असेल तर ते सोशल सिक्युरिटी आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर पहिल्यांदा बदला. बाकीचं सगळं त्यानंतर.

२. मग नॅशनल रजिस्ट्रीच्या खात्यातलं नाव त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. परीक्षा अजून द्यायची असेल तर हे परीक्षेची तारीख घेण्यापूर्वीच करा. पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर ओळखपत्रावरचं आणि नोंदणीतलं पहिलं नाव आणि आडनाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षेला बसण्याचं परवानगीपत्र ९० दिवसच चालतं, म्हणून ही दुरुस्ती शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

३. त्यानंतर राज्याच्या ईएमएस कार्यालयाला नावबदल कळवा. एका ठिकाणी बदललं म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही.

४. तुमचा नॅशनल ईएमएस आयडी शोधून ठेवा. हा १२ अंकी क्रमांक नॅशनल रजिस्ट्रीच्या खात्यात दिसतो. नाव बदललं, राज्य बदललं, पातळी बदलली तरी हा बदलत नाही, म्हणून पडताळणी करताना नावाऐवजी तोच वापरणं सुरक्षित.

सावधान: नॅशनल रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. ते परीक्षा आणि शिक्षण यांचं प्रमाण आहे. काम करण्याचा कायदेशीर अधिकार देतं ते राज्य. गंमत अशी की कॉम्पॅक्ट राज्यांना नवं लायसन्स देताना ईएमटी आणि पॅरामेडिक पातळीवर रजिस्ट्रीची परीक्षा घ्यावीच लागते, पण मुभा वापरणाऱ्या व्यक्तीकडून करार मागतो ते राज्याचं चालू लायसन्स. म्हणून "रजिस्ट्री चालू आहे, राज्याचं लायसन्स नंतर करू" हा हिशोब उलटा आहे.

तपासा: दोन्हींच्या मुदती वेगळ्या असतात. रजिस्ट्रीचं चक्र दोन वर्षांचं, आणि ईएमटी, ॲडव्हान्स्ड ईएमटी व पॅरामेडिक यांच्यासाठी ते ३१ मार्चला संपतं. पुनर्प्रमाणनासाठी ईएमटीला ४०, ॲडव्हान्स्ड ईएमटीला ५० आणि पॅरामेडिकला ६० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. राज्याच्या लायसन्सची तारीख मात्र राज्यागणिक निराळी. दोन्ही तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये ९० दिवस आधीच्या आठवणीसह टाका.

टप्पा २: राज्यांची यादी आजची आहे का ते पाहा

कॉम्पॅक्टमध्ये वीसहून अधिक राज्यं आहेत. टेक्सस, जॉर्जिया, व्हर्जिनिया, टेनेसी, कोलोरॅडो, युटा, मिझूरी, कॅन्सस ही त्यांतली काही. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क नाहीत. मराठी वस्ती मोठी असलेल्या भागांतले लोक इथे फसतात, कारण त्यांना वाटतं की एवढी मोठी राज्यं असणारच.

जुनी पत्रकं, कोर्समध्ये मिळालेला नकाशा, सहकाऱ्याची आठवण, यांवर विसंबू नका. कॉम्पॅक्टच्या सरकारी संकेतस्थळावर, म्हणजे ज्याच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही' आहे त्यावर, नकाशा बघा. बघताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: राज्याने कायदा मंजूर केला आहे का, आणि तिथे अंमल सुरू झाला आहे का. कायदा झाल्यावर नियम, माहितीची देवाणघेवाण, ठशांची व्यवस्था यांत बराच काळ जाऊ शकतो. बातमीत "राज्य कॉम्पॅक्टमध्ये सामील" असं आलं म्हणजे उद्यापासून मुभा सुरू झाली, असं नाही.

आणखी एक बारकावा. वाटेत सदस्य नसलेलं राज्य लागत असेल आणि पेशंट गाडीत असेल, तर त्या पट्ट्यात कॉम्पॅक्ट तुम्हाला कोणताही आधार देत नाही. करार फक्त सदस्यांना बांधतो. पेशंटच्या लांब पल्ल्याच्या हस्तांतरणात तुमच्या एजन्सीने, म्हणजे ॲम्ब्युलन्स सेवा चालवणाऱ्या संस्थेने, त्या राज्याच्या नियमांची वेगळी सोय केली आहे का, हे खेप निघण्याआधी विचारा.

टप्पा ३: स्वतःची पात्रता

व्यक्तीसाठी अटी तीनच आहेत: वय किमान १८, सदस्य राज्याचं चालू आणि कोणतंही बंधन नसलेलं लायसन्स, आणि मेडिकल डायरेक्टरच्या, म्हणजे एजन्सीच्या वैद्यकीय कामाची जबाबदारी असलेल्या डॉक्टरच्या, देखरेखीखाली काम.

दुसऱ्या अटीत लोक अडखळतात. लायसन्सवर अट घातलेली असेल, निलंबन असेल, देखरेखीखाली ठेवलं असेल, तर ते 'चालू' दिसत असलं तरी मुभेसाठी चालत नाही. अशी कारवाई चालू असताना रिमोट स्टेटमध्ये काम करायचं तर होम स्टेट आणि रिमोट स्टेट दोघांच्याही ईएमएस अधिकाऱ्यांची आधी लेखी परवानगी हवी. कारवाईऐवजी व्यसनमुक्ती किंवा तत्सम पर्यायी कार्यक्रमात असाल तर त्या रिमोट स्टेटची आधी परवानगी हवी. तीही लेखीच घ्या, तोंडी "हो, चालेल" यावर विसंबू नका.

दोन सदस्य राज्यांची लायसन्स असतील तर दोन्ही राज्यं तुमची होम स्टेट ठरतात. दोन आधार असल्याने एक गेला तरी दुसरा आहेच, असा समज इथे अंगाशी येतो. कोणत्याही एका होम स्टेटमध्ये लायसन्स निलंबित झालं किंवा त्यावर बंधन आलं, की ते पूर्ववत होईपर्यंत सगळ्या रिमोट स्टेटमधली मुभा बंद. त्यामुळे जुन्या राज्याचं न वापरलेलं लायसन्स तसंच पडू देऊ नका. तिथली एखादी तक्रार किंवा पत्र जुन्या पत्त्यावर जात राहिलं, तर त्याचे परिणाम इकडे भोगावे लागतात. पत्ता बदलला की प्रत्येक राज्याला कळवा. ते लायसन्स पुन्हा लागणार नसेल तर रीतसर परत करा.

नर्सिंगमधून आलेल्यांसाठी: नर्सेसच्या करारात तुम्ही कायम राहता ते राज्य महत्त्वाचं असतं. ईएमएस कॉम्पॅक्टमध्ये होम स्टेट राहण्यावरून ठरत नाही, लायसन्सवरून ठरतं. कॅन्ससमध्ये घर आणि फक्त मिझूरीचं लायसन्स असेल, तर होम स्टेट मिझूरी.

तपासा: कॉम्पॅक्टच्या सार्वजनिक पडताळणीत आपला नॅशनल ईएमएस आयडी टाकून बघा. लायसन्सची पातळी, मुदत आणि मुभेची स्थिती तिथे बरोबर दिसायला हवी. चूक दिसली तर ती तुमच्या राज्याच्या ईएमएस कार्यालयाकडून दुरुस्त करून घ्यावी लागते, कारण माहिती तिथूनच येते. पडताळणीचं पान तारखेसह पीडीएफ करून ठेवा.

टप्पा ४: नेमकं काम मुभेत बसतं का

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

मुभा वापरायची ती फक्त कामाच्या नेमणुकीवर असताना. म्हणजे तुमच्या एजन्सीने, किंवा ज्याला तसा अधिकार आहे त्याने, ते काम तुम्हाला दिलेलं हवं. या अटीखाली कायदा पुढील परिस्थिती मोजतो:

१. खेप होम स्टेटमध्ये सुरू होते आणि पेशंटला रिमोट स्टेटमध्ये पोचवता. मिसिसिपीतल्या साउथहेवनमधून पेशंट उचलून टेनेसीतल्या मेम्फिसच्या रुग्णालयात नेणं हे याचं नेहमीचं उदाहरण.

२. होम स्टेटमधून निघता, रिमोट स्टेटमध्ये जाऊन पेशंट घेता आणि परत होम स्टेटमध्ये आणता. नेब्रास्कातल्या ओमाहाची गाडी आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्सला जाऊन पेशंट ओमाहाला आणते, ती खेप.

३. रिमोट स्टेटमध्ये जाऊन तिथल्या तिथेच सेवा देता किंवा वाहतूक करता. कोलोरॅडोची वैद्यकीय तुकडी आयडाहोतल्या वणव्यावर पाठवली जाते, तेव्हा ही परिस्थिती लागू होते. तीच तुकडी कॅलिफोर्नियाच्या वणव्यावर गेली तर कॉम्पॅक्ट लागू नाही. तिथे दुसरा कायदेशीर आधार लागतो.

४. रिमोट स्टेटमधून पेशंट घेऊन तिसऱ्या सदस्य राज्यात नेता. जॉर्जियाचं लायसन्स असलेले कर्मचारी टेनेसीतल्या चॅटनूगामधून पेशंट घेऊन अलाबामातल्या बर्मिंगहॅमला जातात, अशी खेप.

याशिवाय हा करार चालवणाऱ्या आयोगाचे नियम आणखी परिस्थिती ठरवू शकतात.

आता काय बसत नाही ते. सुट्टीवर असताना रस्त्यात अपघात दिसला आणि तुम्ही थांबलात, तर ते मुभेखाली येत नाही, कारण तुम्हाला कोणी नेमलेलं नाही. तिथे त्या राज्याचा 'गुड समॅरिटन' कायदा, म्हणजे स्वेच्छेने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा, काय म्हणतो ते महत्त्वाचं. अशा वेळी प्रथमोपचार करा, ९११ ला फोन करा, पण पॅरामेडिक म्हणून औषधं किंवा प्रोसिजर करू नका. मुलांच्या शिबिरात, मॅरेथॉनमध्ये, मंडळाच्या गणेशोत्सवात "ईएमटी आहेस ना, उभा राहा" म्हणून कोणी बोलावलं तरी तसंच: मागे एजन्सी आणि मेडिकल डायरेक्टर नसतील तर तुमच्या हातात मुभा नाही. होम स्टेटमध्येसुद्धा असं उभं राहण्यापूर्वी हेच दोन प्रश्न विचारायला हवेत.

दुसरी मोठी चूक कायमच्या नोकरीची. मुभा तात्पुरत्या, अधूनमधूनच्या कामासाठी आखलेली आहे. रिमोट स्टेटमध्ये राहायला गेलात, किंवा तिथल्या एजन्सीत कायमची ड्यूटी धरली, तर त्या राज्याचं लायसन्स घ्या. मुभेत न बसणाऱ्या कामासाठी राज्य स्वतःचं लायसन्स मागू शकतं, असं करारातच लिहिलं आहे. कॅन्सस सिटीसारख्या शहरात, जिथे एक रस्ता ओलांडला की राज्य बदलतं, नेमणूक कुठल्या बाजूची आणि किती काळाची आहे हे नोकरीच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्या. शंका असेल तर त्या राज्याच्या ईएमएस कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं उत्तर वर्षभराने कोणाला आठवत नाही.

टप्पा ५: काय करता येतं, काय नाही

रिमोट स्टेटमध्ये तुम्ही होम स्टेटच्या कार्यकक्षेत, म्हणजे तुमच्या पातळीला काय करता येतं याच्या मर्यादेत, राहून काम करता. रिमोट स्टेटमधल्या योग्य अधिकाऱ्याने त्यात बदल केला, तर तो बदल लागू होतो. याखेरीज सगळ्या बाबतींत तुम्ही रिमोट स्टेटच्या कायद्याखाली असता.

व्यवहारात याचे तीन अर्थ होतात.

रिमोट स्टेटमध्ये तुमच्या पातळीच्या लोकांना एखादी गोष्ट करू देतात म्हणून तुम्हीही ती करू शकता, असं नाही. समजा तुमच्या राज्यात ईएमटीला सुप्राग्लॉटिक एअरवे (घशात बसवायची श्वासाची नळी) टाकण्याची परवानगी नाही आणि शेजारच्या राज्यात आहे. शेजारी उभा असलेला तिथला ईएमटी ती टाकतो. तुम्ही टाकायची नाही.

राज्याची कार्यकक्षा ही बाहेरची सीमा असते. मेडिकल डायरेक्टरचे प्रोटोकॉल त्याच्या आत असतात आणि अनेकदा जास्त अरुंद असतात. राज्य परवानगी देतं पण तुमच्या मेडिकल डायरेक्टरने दिलेली नाही, तर सीमेपलीकडेही ती नाहीच. रिमोट स्टेटमध्ये कोणाचे प्रोटोकॉल पाळायचे आणि ऑनलाइन मेडिकल कंट्रोलसाठी, म्हणजे खेपेदरम्यान डॉक्टरांची सूचना घेण्यासाठी, कोणाला फोन करायचा, हे खेपेपूर्वी लेखी हवं. सीमेजवळ रेडिओ आणि मोबाइल दोन्ही दगा देतात, म्हणून पर्यायी नंबर कागदावर ठेवा.

तिसरं, आणि सर्वांत दुर्लक्षित: 'रिमोट स्टेटचा कायदा' यात बरंच काही येतं. डीएनआर आणि पोल्स्टसारख्या (जीव वाचवण्याचे कोणते उपचार हवे-नको ते सांगणाऱ्या) फॉर्मची मान्यता, बालशोषण किंवा वृद्धांच्या शोषणाची सक्तीची नोंद, पेशंटने नकार दिला तर सही कशी घ्यायची, मृत्यू घोषित करण्याची पद्धत, हे सगळं राज्याराज्यांत वेगळं असतं. दुसऱ्या राज्याचा डीएनआर फॉर्म हातात पडल्यावर तो मानायचा की नाही हे पेशंटच्या बिछान्याशेजारी ठरवण्याची वेळ येऊ नये. या चार विषयांची एक पानाची टिपण एजन्सीकडून मागून घ्या. नसेल तर मेडिकल डायरेक्टरला ती करायला सांगा. हे त्यांचंच काम आहे.

टप्पा ६: एजन्सीचे कागद वेगळे असतात

कॉम्पॅक्ट माणसाला मुभा देतो. गाडीला आणि एजन्सीला नाही. कर्मचारी पात्र पण गाडी नियमबाह्य, अशी परिस्थिती सहज येते. खेपेला होकार देण्यापूर्वी सुपरवायझरला विचारा:

एजन्सीचं किंवा ॲम्ब्युलन्सचं लायसन्स रिमोट स्टेट मागतं का, आणि असेल तर ते आहे का?

नियंत्रित औषधांचं काय? फेंटानिल, मॉर्फिन, केटामिन, मिडाझोलाम यांसाठी एजन्सीची डीईए (नियंत्रित औषधांवर देखरेख करणारं केंद्रीय खातं) नोंदणी राज्यनिहाय असते. तुमची मुभा या नोंदणीची जागा घेत नाही. दुसऱ्या राज्यात साठा ठेवणं, तिथे भरून घेणं किंवा उरलेलं औषध तिथे नष्ट करणं, प्रत्येकाची नोंद आणि साक्षीदार कोण हे आधी ठरलेलं हवं.

व्यावसायिक जबाबदारीचा विमा आणि कामगार भरपाई सीमेपलीकडे लागू आहेत का? पॉलिसीचं पान बघून उत्तर मागा. "बहुतेक असेल" हे उत्तर नाही.

टप्पा ७: खेपेच्या दिवशी

लायसन्स आणि फोटो ओळखपत्र जवळ ठेवा. मुभेचं वेगळं कार्ड नसल्यामुळे रुग्णालयात किंवा घटनास्थळी कोणी विचारलं तर पडताळणीचं पान फोनवर तयार असावं.

पेशंट केअर रिपोर्टमध्ये पेशंट कोणत्या राज्यात उचलला, राज्याची सीमा साधारण किती वाजता ओलांडली आणि वैद्यकीय सूचना कोणाकडून घेतली, हे लिहा. रिपोर्ट रिमोट स्टेटलाही सादर करायचा असतो का, हे एजन्सीने ठरवायचं, पण माहिती तुमच्याच हातून भरली जाते. सीमेची नोंद नसेल तर नंतर कोणता कायदा कधी लागू होता हे सांगता येत नाही.

टप्पा ८: तक्रार झाली तर

होम स्टेटच्या लायसन्सवर कारवाई करण्याचा अधिकार फक्त होम स्टेटला आहे. रिमोट स्टेट त्याच्या हद्दीतली मुभा रोखू शकतं किंवा काढून घेऊ शकतं, आणि तसं केलं तर ते होम स्टेटला व आयोगाला कळवतं. एका रिमोट स्टेटने मुभा काढली की इतर सगळ्या रिमोट स्टेटमधलीही जाते, ती परत मिळेपर्यंत. म्हणजे एका गावातल्या एका खेपेची तक्रार वीसेक राज्यांत दार बंद करू शकते.

पत्र आलं की उत्तराची मुदत आधी बघा. एजन्सी आणि मेडिकल डायरेक्टर यांना त्याच दिवशी लेखी कळवा. रिपोर्टमध्ये मागाहून काही बदलू नका, सांगायचं असेल तर तारखेसह वेगळी पुरवणी जोडा. लायसन्सची प्रकरणं चालवणारा वकील शोधा, शेजारचा ओळखीचा वकील नको. आणि पुढे कोणत्याही राज्यात अर्ज करताना "कधी कारवाई झाली आहे का?" या प्रश्नाला खरं उत्तर द्या. कारवाईपेक्षा ती लपवल्यामुळे अर्ज नाकारले जातात.

चक्रीवादळ, पूर, वणवा: तिथे वेगळा करार

राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली आणि 'इमॅक' हा परस्पर मदतीचा करार सुरू झाला, तर त्याच्या अटी लागू होतात. दोन्ही करारांत विरोध आला तर इमॅक वरचढ ठरतो. इमॅकला १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसची (संसदेची) मान्यता मिळाली आणि सगळी ५० राज्यं त्यात आहेत, म्हणून कॅलिफोर्नियासारख्या राज्यातही त्याच्याखाली जाता येतं. पण त्याची साखळी ठरलेली आहे: मदत मागणाऱ्या राज्याची विनंती, पाठवणाऱ्या राज्याचा होकार, दोघांत झालेला लेखी करार, आणि मग तुमच्या नावाचा आदेश. आदेशाची प्रत हातात नसताना गाडी काढू नका. टीव्हीवर बघून स्वतःहून निघालेल्याला इमॅकचं संरक्षण नसतं, आणि वाईट काळात अशी माणसं त्या भागावर ओझंच होतात.

राज्य करारात नसेल तर

कॉम्पॅक्टमध्ये नसलेल्या राज्यात काम करायचं तर त्या राज्याचं लायसन्स घ्यावं लागतं. हा मार्ग लांब आहे, पण क्रम पाळला तर अडत नाही.

१. रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र चालू ठेवा. राज्य बदलताना खरी किंमत त्यालाच येते.

२. आतापर्यंत ज्या ज्या राज्यात लायसन्स होतं त्या प्रत्येकाकडून पडताळणी मागवा, संपलेल्या लायसन्सचीही. हे सर्वांत आधी सुरू करा, कारण ते दुसऱ्याच्या वेगावर अवलंबून असतं.

३. बोटांचे ठसे नव्या राज्याच्या पद्धतीने पुन्हा द्या. एका राज्यासाठी झालेली एफबीआय तपासणी दुसऱ्या राज्याच्या अर्जाला जोडता येईल असं गृहीत धरू नका.

४. स्थानिक पायरी विसरू नका. कॅलिफोर्नियात पॅरामेडिकचं लायसन्स राज्य देतं, पण काम करण्यासाठी स्थानिक ईएमएस एजन्सीची मान्यताही लागते. ईएमटीचं प्रमाणपत्र तर स्थानिक पातळीवरच मिळतं. ठसे तिथे 'लाइव्ह स्कॅन'ने, म्हणजे डिजिटल पद्धतीने, घेतले जातात आणि फॉर्मवर योग्य एजन्सीचा कोड नसेल तर निकाल भलतीकडेच जातो.

लष्करातून बाहेर पडणारे आणि त्यांचे जोडीदार यांच्यासाठी सदस्य राज्यांत सवलत आहे: रजिस्ट्रीचं चालू आणि बंधनमुक्त प्रमाणपत्र असेल तर प्रशिक्षण आणि परीक्षेची अट पूर्ण झाली असं राज्याने धरायचं, आणि अर्ज लवकर निकाली काढायचा. अर्जावर हे स्पष्ट लिहा, कारण न सांगता कोणी शोधत बसत नाही.

भारतातून आलेल्यांसाठी

महाराष्ट्रात १०८ वर काढलेली वर्षं, एमबीबीएस किंवा आपत्कालीन सेवेचा डिप्लोमा यांतून कॉम्पॅक्टची मुभा मिळत नाही. आधी अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं लायसन्स, मग बाकीचं. कोर्सला पैसे भरण्यापूर्वी राज्याच्या ईएमएस कार्यालयाला विचारा की परदेशी शिक्षणातलं काय धरलं जाईल. आणि राज्य निवडण्याची मोकळीक असेल तर सदस्य राज्यात पहिलं लायसन्स घ्या.

लायसन्स म्हणजे अमेरिकेत नोकरी करण्याची इमिग्रेशनची परवानगी नव्हे, हेही लक्षात ठेवा. एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर असाल तर नोकरीसाठी ईएडी, म्हणजे नोकरीचं परवानापत्र, लागतं, आणि विनामोबदला स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तरी इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा. लायसन्स देणारं कार्यालय तुमचा व्हिसा तपासून सल्ला देत नाही.